तीन वाट्यांची खरी हकिकत

आक्का पदार्थाला गुण देत नसत; त्याचे नाते सांगत. लोणच्याची फोड जिभेवर ठेवून, ती सावकाश एका गालातून दुसऱ्या गालात नेऊन, समोरच्या छापील तक्त्याकडे ढुंकूनही न पाहता त्या म्हणत, “ही धाकटी जाऊ. तोंडावर गोड, पाठ फिरली की तिखट.” तक्त्यावर एक ते नऊ असे नऊ चौकोन असत आणि त्यांतल्या एकावर फुली मारणे एवढेच परीक्षकाचे काम असे. आक्कांनी कधी फुली मारली नाही. पेनाला टोपण लावून ते त्या माझ्या हातात देत. “तुम्हीच लिवा सायब, जाऊ म्हणून.”

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी खाद्यपदार्थांची, आणि चांगली मोठी. एकाच छपराखाली ती तीन नावांनी माल काढत असे: लोणची आणि मसाले ‘पंगतराणी’, झटपट उपमे आणि थालिपिठाची भाजणी ‘न्याहारीण’, आणि शेव-चकली ‘घासभर’. ही तिन्ही नावे एकाच घरची, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसे. ‘घासभर’ला शिव्या देणारी पत्रे शेवटी ‘जरा पंगतराणीकडून शिका’ असा सल्ला देत, आणि दोन्ही नावांच्या वतीने ती पत्रे मीच वाचत असे. रोज सकाळी अकरा वाजता सात कर्मचारी एका थंड, पांढऱ्या, बिनवासाच्या खोलीत बसून त्या दिवसाचा माल चाखत. कागदोपत्री ती ‘रुचिपरीक्षण समिती’. बोलण्यात सगळे ‘पॅनेल’ म्हणत. गुणनियंत्रण अधिकारी या नात्याने एकोणीस वर्षे ते पॅनेल मी चालवले. आक्का त्यातल्या परीक्षक क्रमांक सात.

गेल्या मार्गशीर्षात आक्का सायखेड्याला वारल्या. आमच्या निवृत्त कर्मचारी मंडळाच्या अध्यक्षांनी व्हॉट्सॲपवर त्यांना श्रद्धांजली वाहिली, तिच्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली, आणि आता तोच मजकूर मंडळाच्या स्मरणिकेत छापून आला आहे. अध्यक्ष पूर्वी खरेदी विभागात होते आणि पॅनेलवर परीक्षक क्रमांक तीन होते. त्यांचे अक्षर सुंदर आहे, हे मी मान्य करतो. मजकुरात मात्र एक वाक्य धड नाही. त्यातले शेवटचे तर असे: ‘शेवटच्या चाचणीत आक्का अनुत्तीर्ण झाल्या, तरी आमच्या मनांत त्या सदैव उत्तीर्णच राहतील.’ हे वाक्य मी खपवून घेणार नाही. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी किरकोळ असत्ये निकालात काढतो.

‘आक्का निरक्षर असल्याने त्यांना तक्ता भरता येत नसे.’ साफ खोटे. आक्का सातवी पास होत्या. पाकिटाच्या पाठीमागे आम्ही मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत घटकद्रव्यांची यादी छापत असू. ती यादी चष्म्याशिवाय वाचणारी त्या कारखान्यात एकच व्यक्ती होती. एकदा मसाल्याचे पाकीट माझ्यासमोर धरून त्यांनी विचारले, “हितं ‘मान्यताप्राप्त स्वाद’ लिवलंय. मान्यता कुणी दिली? मला तर कुणी इचारलं नाय.” गुण न देण्यामागे त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. “मार्क पोरांना देत्यात सायब. पोरगं नापास झालं तर पुढच्या वर्षी परत बसतं. चकली कुठं परत बसती?”

‘तत्कालीन व्यवस्थापकांच्या पारखी नजरेने हे रत्न हेरले.’ नजरेचा येथे काही संबंध नव्हता. संबंध नाकाचा होता, आणि नाक माझे होते. पॅनेलवर बसणाऱ्याने त्या सकाळी कच्चा कांदा खाल्लेला नसावा, असा नियम होता. हा नियम मुंबईत कोणीतरी वातानुकूलित खोलीत बसून केलेला. उन्हाळी कांदा निघाल्यावर नाशिक जिल्ह्यात तो कसा पाळायचा, हे त्याला कोणी विचारले नसावे. आधीचे परीक्षक क्रमांक सात भाकरीबरोबर कांदा फोडल्याबद्दल तीनदा ताकीद मिळून गेले. जागा भरणे भाग होते. मी पॅकिंग विभागात गेलो, सगळ्यांना ओळीने उभे केले आणि प्रत्येकाला माझ्या नाकासमोर ‘हा’ म्हणायला सांगितले. त्या सकाळचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. ओळीच्या अगदी शेवटी डोक्यावर पांढरी जाळी घातलेली एक ठेंगणी बाई उभी होती.

“‘हा’ म्हणा.”

“‘हा’ काय, ‘ही’ बी म्हणते. वास येणार नाय.”

खरोखरच आला नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यावर अकरा वर्षं निवड केली. आता कांदा दिसला की कंबर दुखती.” त्याच दिवशी अकरा वाजता त्या सातव्या खुर्चीवर बसल्या. रत्नपारखी व्यवस्थापक त्या आठवड्यात रजेवर होते.

पुढचे असत्य मला विशेष झोंबले. ‘नात्यांचा तक्ता ही कार्मिक विभागातील खट्याळ मंडळींनी केलेली गंमत होती.’ गंमत! त्या तक्त्यावर दस्तऐवज क्रमांक होता, आवृत्ती क्रमांक होता आणि माझी सही होती. मुख्य कार्यालयाला दर महिन्याला आकडे लागत. ‘जाऊ’ हा शब्द त्यांच्या संगणकात भरता येत नव्हता. तेव्हा प्रत्येक नात्याची नऊपैकी किंमत ठरवून घेण्यासाठी मी आक्कांबरोबर दोन दुपारी बसलो.

“सख्खी बहीण?”

“नऊ.”

“आत्या?”

“लग्नाआधी आठ. नंतर सहा.”

“कुणाच्या लग्नाआधी?”

“माझ्या. नंतर तिला माझं काय काम राह्यलं नाय.”

“सासू?”

“जिती का वारलेली?”

“त्याने फरक पडतो?”

“पडतो तर! जिती व्हती तवा तीन. वारल्यापासून आठ. तिच्यासारखं मेतकूट मग कुणाला जमलंच नाय.”

“बरं. नवरा?”

“मीठ लिवा,” त्या म्हणाल्या. “असतं तवा ध्यानात येत नाय.” त्यांचे यजमान जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मी नवरा तक्त्यात घेतला नाही. मिठाची तपासणी आमच्याकडे प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे होत असे.

हा तक्ता पाहून कोणीही हसले नाही, याला माझ्याजवळ पुरावा आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे एक लेखापरीक्षक तपासणीला आले होते. त्यांनी तक्ता दोनदा वाचला आणि गंभीरपणे विचारले, “तुमचे वजनकाटे दरवर्षी तपासून घेता. या नात्यांची तपासणी शेवटची केव्हा झाली?” ती कधीच झालेली नव्हती. त्यांनी त्रुटी नोंदवली. तेव्हापासून दरवर्षी भाऊबीज झाली, आक्का सगळ्या नातेवाइकांना भेटून आल्या, की मी सगळी नाती नव्याने तपासून घेत असे आणि सुधारित आवृत्ती मुंबईला पाठवत असे.

लिंबाचे प्रकरण यातूनच उद्भवले. अध्यक्ष लिहितात, ‘त्या वर्षी लिंबू खराब निघाले.’ लिंबू उत्तम होते. भावजय खराब होती. आक्का आमच्या लिंबाच्या गोड लोणच्याला नेहमी ‘भावजय’ म्हणत आणि तक्त्यात भावजयीला सात गुण होते. त्या वैशाखात भाच्याच्या लग्नात भावजयीने मानपानाला साडीऐवजी नुसता ब्लाउजपीस दिला. ही वार्ता माझ्या कानावर येताच मी, कर्तव्य म्हणून, मध्येच तक्त्याची दुरुस्ती काढून भावजय सातावरून दोनावर आणली. आक्का मात्र लोणच्याला भावजयच म्हणत राहिल्या. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाल्या, “लोणचं तेच हाय ना? ती बिघडली म्हणून त्याचं नाव कशाला बदलू? लोणच्यानं माझं काय वाईट केलं?”

महिनाअखेर मुख्य कार्यालयातल्या आलेखावर ‘पंगतराणी’चे लिंबू लोणचे जिन्यावरून गडगडावे तसे खाली आले. मुंबईहून तीन अधिकारी आले. त्यांनी बागायतदारांना प्रश्न विचारले, बरण्या फोडल्या, पाण्याची, साखरेची, झाकणांची तपासणी केली. चौथ्या दिवशी मी त्यांना भावजयीची हकिकत सांगितली. त्यांच्या अहवालात ‘मूळ कारण’ या सदराखाली ‘कौटुंबिक’ असा शब्द आहे, आणि ‘सुधारात्मक कृती’ या सदराखाली ‘समेट’. अहवाल मंजूर झाल्यावर त्याची अंमलबजावणी करणे आले. कंपनीच्या गाडीतून मी, आक्का आणि ‘पंगतराणी’चा भेटसंच असे तिघे निफाडला भावजयीच्या दारात उभे राहिलो. भावजय म्हणाली, “आता कंपनीच्या मानसांला घेऊन आली का भांडायला?” आक्का म्हणाल्या, “भांडायला नाय. तुझ्यापायी मुंबईच्या तीन सायबांनी चार दिस लोणचं खाल्लंय. त्यांची दया कर.” भावजय हसली आणि आत जाऊन साडी घेऊन आली. दोघींचे एकत्र छायाचित्र अहवालाला जोडल्यावरच ती त्रुटी बंद झाली. पुढच्या महिन्यात लिंबू लोणचे सातावर परतले.

आणखी एक गैरसमज. पुष्कळ जण शपथेवर सांगतात की, चकलीचा तुकडा चाखून आक्का कढईवर कोण होते ते ओळखत. असे काही त्यांना कळत नसे. त्या विचारत. चाखण्याआधी नव्हे, चाखल्यावर. “आज कढईवर कोण?” आणि मग जेवणाच्या सुट्टीत त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहत. “आज बरं झालंय, बरं का.” किंवा, “आज घाई केली तू.” तीस वर्षे शेव पाडणारा एक इसम मला म्हणाला होता की, त्याच्या हाताला कोणी चांगले म्हटल्याचे त्याने प्रथम आक्कांच्या तोंडून ऐकले. तोपर्यंत त्याला फक्त तक्रारीच कळवल्या जात. कळवणारा अर्थात मी होतो.

नवीन मालाबाबत त्या सावध असत. मुंबईच्या एका तरुण अधिकाऱ्याने ‘न्याहारीण’साठी ओटचा उपमा आणला, त्यात वाळवलेली परदेशी फळे होती. आक्कांनी दोन चमचे खाल्ले. “ह्याला मी ओळखत नाय. लग्नात आला व्हता, जेवला बी, पण मुलाकडचा का मुलीकडचा ते कुणालाच ठाऊक नाय.” मी ‘अनोळखी’ असे लिहिले आणि गुणांची जागा रिकामी ठेवली. तो उपमा बाजारात आला आणि सात महिन्यांनी गेला. त्याचा दोष मी कोणाला देत नाही.

आता खुर्चीविषयी. हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पॅनेलच्या कामाचा वेगळा मोबदला नसे. अर्ध्या तासासाठी पॅकिंगच्या धडधडाटातून सुटका, एवढेच. आजारपणातही आक्का अकराच्या आत हजर कशा, असे मी एकदा विचारले. त्या ओंजळीत कोमट पाणी घेऊन चूळ भरत होत्या. चूळ टाकून म्हणाल्या, “सायब, घरात मी चाळीस वर्षं रांधलं. नवरा जेवला, दीर जेवले, पोरं जेवली. कसं झालंय म्हणून कुणी सांगितलं नाय, आन् तुला कसं लागलं म्हणून तर कुणी इचारलंच नाय. हितं अकरा वाजता मला इचारत्यात. आन् मी काय म्हणते ते लिवून घेत्यात.” एवढेच होते ते. त्या बाईला त्या खुर्चीपलीकडे कंपनीकडून काही नको होते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ती खुर्ची पणाला लागली. मुख्य कार्यालयाने ठरवले की, यापुढे पॅनेलवरचा प्रत्येक जण प्रमाणित असावा. बुधवारी मुंबईहून एक परीक्षिका येणार, चाचणी एकच. प्रत्येकापुढे तीन वाट्या, दोहोंत एकच पदार्थ, तिसरीत किंचित वेगळा. वेगळी वाटी ओळखून तिच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढायचे. न जमले तर पॅनेल सुटले. आक्कांनी मला दोनदा विचारले, “नाय जमलं तर परत पॅकिंगलाच ना?” मी म्हणालो, “तुम्हाला जमणार नाही तर कुणाला?”

नमुने मी तयार केले. ‘न्याहारीण’च्या भाजणीचे थालीपीठ ठरले होते: एक पीठ नेहमीचे, दुसरे नव्या पद्धतीचे, त्यात धने कमी आणि तांदूळ जास्त. दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. चष्मा मी त्या काळात फक्त वाचायला लावत असे, आणि पिशवीवरची चिठ्ठी वाचण्याची मला गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून नमुन्याची चूक झालेली नव्हती. मी भिजवले, थापले, भाजले, सारखे तुकडे कापले, सात जणांपुढे तीन-तीन वाट्या मांडल्या आणि तयारीच्या कागदावर सही केली.

सहा जणांनी पाच मिनिटांत वर्तुळे काढली. आक्कांनी पहिली वाटी चाखली, चूळ भरली, दुसरी चाखली, चूळ भरली, तिसरी चाखली. मग पुन्हा पहिलीपासून. शेवटी त्यांनी हात वर केला.

“बाई, ह्यात येगळी कंचीच नाय. तिन्ही एकच हायेत.”

परीक्षिका वयाने लहान आणि वागण्यात अतिशय सभ्य होती. “आजी, एक वेगळी आहेच. जी वाटेल तिच्यावर खूण करा.”

“वाटतच नाय, तर कशी करू?”

“अंदाजाने केली तरी चालेल.”

“अंदाजानं लगीन जमवत्यात, बाई. चव कशी सांगू?”

परीक्षिकेने कागद उलटसुलट पाहिला. ‘तिन्ही सारख्या’ असा चौकोन त्यावर नव्हता. आक्का माझ्याकडे वळल्या. “सायब, तुम्ही केलंय ना? तुम्ही सांगा की ह्यांना.”

मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो, “आक्का, एक वेगळी आहे. नीट चाखा.”

त्यांनी तिसऱ्यांदा चाखले. मग पेनाला टोपण लावले आणि कोरा कागद परत दिला. या वेळी पेन माझ्या हातात दिले नाही, टेबलावर ठेवले.

त्याच दुपारी चार वाजता मी पिशव्या कोठारात परत ठेवायला गेलो. नव्या पिठाच्या पिशवीचा दोरा शाबूत होता. त्यावरची मोहोर तशीच. ती पिशवी कोणी उघडलीच नव्हती. मी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. दोन्ही वेळा मी उघड्या तोंडाच्या एकाच पिशवीत हात घातला होता. एकवीसच्या एकवीस वाट्या एकाच पिठाच्या होत्या.

त्यामुळे घडले ते असे. वेगळेपण नसलेल्या वाट्यांत सहा जणांनी वेगळेपण शोधून दाखवले. त्यांतल्या दोघांची वर्तुळे योगायोगाने परीक्षिकेच्या यादीशी जुळली आणि ‘सूक्ष्म रुचिभेद ओळखण्याची सिद्ध क्षमता’ असलेले परीक्षक म्हणून त्यांना प्रमाणपत्रे मिळाली. त्यांतले एक प्रमाणपत्र आज आमच्या अध्यक्षांच्या दिवाणखान्यात चौकटीत टांगलेले आहे. पाहुण्यांना ते दाखवतात. उरलेल्या चौघांनी निदान वर्तुळ काढले होते, म्हणून त्यांना पुन्हा संधी मिळाली. आक्कांचा कागद कोरा होता, आणि कोरा कागद म्हणजे गैरहजेरी असा नियम होता. त्या खोलीत खरे उत्तर एकाच व्यक्तीने दिले, आणि ती व्यक्ती त्या दिवशी हजर नव्हती, असे ठरले.

येथवर मी इतरांच्या आवृत्त्या खोडल्या. पुढची आवृत्ती कोणाचीच नाही, कारण ती मंडळात कोणाला ठाऊक नाही.

बुधवारी चार वाजता मला सत्य कळले. शनिवारी माझा निरोपसमारंभ होता. मानपत्र छापून आलेले होते, त्याचे शीर्षक ‘अचूकतेचा वस्तुपाठ’. मी गुरुवारी बोललो नाही. शुक्रवारी आक्कांना पुन्हा पूर्ण वेळ पॅकिंगला लावल्याचा कागद माझ्याच टेबलावरून गेला. तेव्हाही बोललो नाही. शनिवारी शाल आणि श्रीफळ घेतले. अध्यक्षांनी, तेव्हा ते अध्यक्ष नव्हते, माझ्या अचूकतेवर वीस मिनिटे भाषण केले. सोमवारी सकाळी मी घरून मुंबईला फोन केला आणि सगळे सांगितले. परीक्षिकेने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, “सर, निकाल वर गेला आहे. दुरुस्तीसाठी तुमच्या गुणनियंत्रण अधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र लागेल.”

“ते पद रिकामे आहे,” मी म्हणालो. “मीच तो अधिकारी होतो. शनिवारी निवृत्त झालो.”

“मग नवीन अधिकारी आल्यावर त्यांना सांगा ना.”

नवीन अधिकारी पाच महिन्यांनी आले. मी त्यांना भेटलो, लेखी निवेदन दिले. त्यांनी जुन्या फायलीतला तयारीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ‘दोन भिन्न पिठे वापरली’ या वाक्याखाली माझी सही होती. “काका,” ते म्हणाले, “मी तुमच्यावर विश्वास ठेवू, का तुमच्या सहीवर?” मी निवेदन परत घेऊन आलो. लोकांना मात्र काही सांगितले नाही. कंपनीला सांगितले, म्हणजे सांगितले, असे मी स्वतःला बजावले.

आक्कांना सांगायला मी सायखेड्याला गेलो तो त्यांच्या सुट्टीचा वार होता. त्या ओसरीवर बसून सुपात धने निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी आणले, चहा टाकायला सुनेला सांगितले आणि पुन्हा सूप पुढे ओढले.

“आक्का, त्या दिवशी तिन्ही वाट्या एकाच पिशवीतल्या होत्या. तुमचं बरोबर होतं.”

“ते मला ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कधी कळलं?”

मला खोटे बोलता आले असते. “त्याच दिवशी. चार वाजता.”

त्यांची बोटे थांबली नाहीत. एक काडी त्यांनी उचलून अंगणात टाकली. “म्हंजी शनिवारी सत्काराला मी पुढच्या रांगेत बसले व्हते, तवा तुम्हाला ठाऊक व्हतं.”

“हो.”

“मला वाटायचं, माझी जीभच गेली का काय. घरी येऊन रोज चाखून बघायचे. मीठ कळतंय का, आंबट कळतंय का. पाच-सा महिनं. तवा कुठं खात्री पटली.” सुनेने चहा आणून ठेवला. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. “त्या बाईनं मला इचारलं, मी खरं सांगितलं. माझं काम झालं, सायब. तुमचं राह्यलंय.”

मी चहा घेतला आणि दुपारच्या बसने परत आलो. पुढे त्या निवृत्त झाल्या, आणि आता वारल्या. अध्यक्षांना माझे सांगणे आहे की, स्मरणिकेच्या पुढील प्रतींतून ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द काढावा आणि त्या जागी खालील दोन वाक्ये जशीच्या तशी छापावीत. प्रमाणपत्र भिंतीवर ठेवायचे की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

तिन्ही वाट्या एकाच पिशवीतल्या होत्या. नमुने मी तयार केले होते.